‘तिथल्या’ शस्त्रक्रियेचा सल्ला घ्यायला जाताना

असोद्याहून जळगाव हाकेच्या अंतरावर. बाजार, कॉलेज, कोर्ट, दवाखाना, सगळं तिकडेच. एरवी ही जवळीक सोयीची आहे, पण काम बाईच्या नाजूक जागेच्या शस्त्रक्रियेचं असेल तर तीच अडचणीची होते. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या बाकड्यावर शेजारी बसलेली बाई हमखास कुणाची तरी मावससासू निघते. “काय वं बाई, तू कशाले आली?” या प्रश्नाला तोंड देता देता डॉक्टरांना विचारायचे प्रश्न डोक्यातून निघून जातात. आत गेल्यावर पाच मिनिटं मिळतात, त्यातली तीन लाजण्यात जातात. म्हणून या भेटीची तयारी घरीच, निवांत, दार लावून करायची असते. ती कशी करायची ते इथे सविस्तर सांगते.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. योनीच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना त्वचेच्या दोन-दोन पाकळ्या असतात. बाहेरच्या जाड पाकळ्या म्हणजे बृहत् भगोष्ठ आणि आतल्या पातळ पाकळ्या म्हणजे लघु भगोष्ठ. आतल्या पाकळ्या कापून लहान करण्याच्या शस्त्रक्रियेला लेबियाप्लास्टी म्हणतात, आणि या क्षेत्रात सर्वांत जास्त बोलबाला तिचाच आहे. बाळंतपणानंतर सैल झालेला योनीमार्ग आवळून घेणं म्हणजे व्हजायनोप्लास्टी, आणि योनीमुख व गुदद्वार यांमधला भाग दुरुस्त करणं म्हणजे पेरिनिओप्लास्टी. योनीपटल शिवून देणं म्हणजे हायमेनोप्लास्टी. यांखेरीज लेझर आणि रेडिओफ्रिक्वेन्सीची यंत्रं आहेत, ‘टाके नाहीत, दुखणं नाही’ अशी ज्यांची जाहिरात मोबाइलवर येते. डॉक्टरांकडे जाताना यातलं आपल्याला नक्की काय हवं आहे हे ठाऊक नसलं तरी चालेल. आपल्याला त्रास काय होतो, हे मात्र ठाऊक हवं. यंत्राचं किंवा शस्त्रक्रियेचं नाव घेऊन आत गेलेल्या बाईला बरेचदा तीच गोष्ट विकली जाते. त्रास सांगत आत गेलेल्या बाईची निदान तपासणी तरी होते.

त्रास ओळखायचा तर आधी स्वतःकडे पाहावं लागेल. चार मुलांची आई झालेल्या कित्येक बायकांनी ही जागा आयुष्यात एकदाही पाहिलेली नसते. दुपारी घर रिकामं असताना दाराला कडी लावा, भिंतीला टेकून बसा, गुडघे मुडपा, हातातला छोटा आरसा समोर धरा आणि मोबाइलचा टॉर्च लावा. आतल्या पाकळ्या बाहेरच्यांच्या खाली लोंबत असतील, एक दुसरीपेक्षा मोठी असेल, कडा सुरकुतलेल्या आणि गडद असतील. हे सगळं निरोगी शरीरात असतं. लंडनमध्ये डॉक्टरांनी पन्नास स्त्रियांची मोजमापं घेऊन २००५ साली प्रसिद्ध केली. आतल्या पाकळ्यांची लांबी त्यांना २ पासून १० सेंटीमीटरपर्यंत आढळली, आणि रुंदी ७ मिलिमीटरपासून ५ सेंटीमीटरपर्यंत. इतकी तफावत असेल तर ‘नॉर्मल’ आकार कोणता सांगणार? अश्लील चित्रफितींत दिसणारा एकसारखा, गोरा, लहान मुलीसारखा आकार हा निवडलेला आणि बरेचदा सुधारून दाखवलेला असतो. रंगाचंही तसंच. वयात येताना आणि गरोदरपणात तिथली त्वचा काळवंडते. ती गोरी करण्यासाठी मिळणारी मलमं मी कुणाही मैत्रिणीला लावू देणार नाही. त्यात स्टिरॉइड असेल तर तिथली पातळ त्वचा आणखी पातळ होऊन कायमची चुरचुर मागे लागते.

आरशात काही वेगळंही दिसू शकतं. कागदासारखे पांढरे चट्टे आणि रात्री झोपू न देणारी खाज असेल तर तो लायकेन स्क्लेरोसस नावाचा त्वचारोग असण्याची शक्यता आहे, आणि त्याच्यावर औषध आहे. न भरणारी जखम, नवी गाठ, रक्त लागणं, दही फुटल्यासारखा पांढरा स्राव यांपैकी काही असेल तर सौंदर्याचा विचार बाजूला ठेवा आणि आधी त्याचा इलाज करा. घासल्यासारखं, चरचरल्यासारखं वाटण्याचं कारण पुष्कळदा पाकळ्यांची लांबी नसते. सुगंधी साबण, डेटॉलचं पाणी, नायलॉनची चड्डी, रेझर किंवा लक्षात न आलेला मधुमेह, यांतलं काही तरी असतं. साबण थांबवून सुती कपडे वापरल्यावर महिन्याभरात त्रास गेला, तर शस्त्रक्रियेचा खर्चही वाचला.

त्रासाच्या चौकशीत दुसरी वर्गवारी बाळंतपणानंतरच्या तक्रारींची. ‘सैल वाटतं’ या एका वाक्याआड बऱ्याच गोष्टी लपलेल्या असतात. खोकताना, हसताना किंवा डोक्यावर भारा उचलताना लघवी गळते का? उकिडवं बसल्यावर अंग बाहेर आल्यासारखं वाटतं का? वारा किंवा शौच रोखता येत नाही असं होतं का? यांतल्या एकाही प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल तर हा दिसण्याचा प्रश्न उरत नाही, हा आजार आहे. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आणि बाळंतपणात फाटलेला भाग यांचा तो प्रश्न आहे. जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा धुळ्याचं श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, दोन्हीकडे स्त्रीरोग विभाग आहे, आणि अंग बाहेर येण्यावर उपचार करणं हे त्यांचं रोजचं काम आहे. नुसतं सैलपण असेल तर आधी तीन महिने नेमाने स्नायूंचे व्यायाम करावेत. अमेरिकन डॉक्टर अर्नोल्ड केगल यांनी १९४८ साली ते मांडले, म्हणून केगल व्यायाम हे नाव. लघवी अडवताना जो स्नायू आवळतो, तो पाच-सात सेकंद आवळायचा, तितकाच वेळ सोडायचा, आणि हे दिवसातून तीनदा, दर वेळी दहा-दहा वेळा करायचं. भाजी निवडतानाही करता येतं. मात्र प्रत्यक्ष लघवी करताना धार अडवून सराव करू नये. स्नायू नीट आवळतोय का, हे फिजिओथेरपिस्ट तपासून सांगतात.

संबंधाच्या वेळी दुखत असेल तर तेही वेगळं लिहून ठेवा. अंगावर पाजणाऱ्या आणि पाळी गेलेल्या बायकांमध्ये कोरडेपणा असतो. काहींचे स्नायू भीतीने आपोआप आकसतात. अशा बाईचा योनीमार्ग आणखी आवळून दिला तर दुखणं वाढेल. हे डॉक्टरांना सांगायलाच हवं.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. हा विचार मनात आला कुठून? सायकल चालवताना पाकळी मुरगळते, लेगिंगमध्ये घासते, लघवीची धार वाकडी जाते, ही एक प्रकारची कारणं. नवऱ्याने एकदा काही तरी म्हटलं, हे दुसऱ्या प्रकारचं कारण. दुसरं खोटं आहे असं मी म्हणत नाही, ते फार खोल लागतं. पण त्यावरचं औषध टाक्यांमध्ये नाही. ‘करून घे, नाहीतर…’ अशी धमकी असेल तर तो छळ आहे. त्यासाठी १८१ ही महिला हेल्पलाइन आहे. दिवसातले कितीतरी तास त्याच एका जागेचा विचार छळत असेल, आरसा सोडवत नसेल, तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मानसिक आरोग्याचा सल्ला फुकट मिळतो. चांगला सर्जन ही चौकशी स्वतःहून करतो. ती केल्याचा राग मानू नका.

लग्नाआधी योनीपटल ‘जोडून’ घेण्याबद्दल स्पष्टच लिहिते. ते पटल जन्मतःच प्रत्येकीचं वेगळं असतं, ताणलं जाणारं असतं, आणि पहिल्या संबंधात प्रत्येकीला रक्त येत नाही. कौमार्य ओळखण्याची वैद्यकीय चाचणी अस्तित्वातच नाही. महाराष्ट्रात कंजारभाट समाजातल्या तरुण-तरुणींनी २०१८ च्या सुमारास कौमार्य परीक्षेविरुद्ध उघड आवाज उठवला, आणि पुढच्याच वर्षी अशी परीक्षा लैंगिक अत्याचार मानली जाईल असं राज्य सरकारने जाहीर केलं. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने २०१९ मध्ये अभ्यासक्रमातून कौमार्य चाचणीचा धडाच काढला. जे डॉक्टरांना शिकवायचंही बंद झालं, त्याच्या भीतीपोटी मुलीच्या अंगावर टाके घालायचे का? अठरा वर्षांखालच्या मुलीची तर कोणतीच सौंदर्य-शस्त्रक्रिया तिथे करू नये. त्या वयात पाकळ्या अजून वाढत असतात, दोन्ही बाजू मागेपुढे वाढतात. याला एक अपवाद आहे. पंधरा-सोळाव्या वर्षापर्यंत पाळीच आली नाही, तर योनीमार्ग किंवा गर्भाशय जन्मतः तयार झालं नसण्याची शक्यता असते. तिला तातडीने स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्यावं. तो विषय सौंदर्याचा नाही.

एवढं घरी झालं की एक वही घ्या. गडचिरोलीत डॉ. राणी आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी करून १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निबंध लिहिला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता आणि त्याआधी तशी तपासणी झालेल्या बायका जेमतेम ८ टक्के होत्या. त्या बायका गप्प होत्या, कारण त्यांना कुणी विचारलं नव्हतं. आपल्याकडे अजून तीच सवय आहे. म्हणून तोंडाने सांगवणार नाही ते वहीत लिहा आणि हवं तर वहीच डॉक्टरांपुढे धरा.

वहीत काय असावं? शेवटच्या पाळीची तारीख, बाळंतपणं किती, त्यात टाके पडले होते का, आणखी मूल हवं आहे का. मूल हवं असेल तर योनीमार्ग आवळण्याची शस्त्रक्रिया थांबवावी, कारण पुढच्या बाळंतपणात केलेलं काम वाया जाऊ शकतं. मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड; रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, अगदी रोजची अ‍ॅस्पिरिनसुद्धा; गावठी काढे असतील तर तेही. पूर्वी एखादी जखम फुगून जाड व्रण झाला होता का. दातांच्या डॉक्टरांनी दिलेल्या भुलीच्या इंजेक्शनने कधी त्रास झाला होता का. धुळे-नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल आढळतो. घरात कुणाला असेल तर भुलीच्या डॉक्टरांना ते आधी कळायलाच हवं. आणि मिश्री. सकाळी दात घासायच्या नावाखाली मिश्री लावणाऱ्या बाईला ‘तंबाखू घेता का’ असं विचारलं तर ती ‘नाही’ म्हणते. पण मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. त्यातल्या निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि पाकळीची कड भरून येत नाही, टाके उसवतात. शस्त्रक्रियेआधी निदान चार आठवडे ती सोडावी लागते. ही गोष्ट लपवली तर त्रास आपल्यालाच होतो.

डॉक्टर निवडताना पाटीवरच्या ‘कॉस्मेटिक’ या शब्दावर जाऊ नका. पदवी पाहा. प्रसूती व स्त्रीरोग विषयात एम.एस., एम.डी. किंवा डी.एन.बी., नाहीतर प्लास्टिक सर्जरीत एम.सीएच. किंवा डी.एन.बी. महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारण्यात गैर काही नाही. ब्यूटी पार्लरला जोडलेल्या क्लिनिकमध्ये हे काम मुळीच करू नये. जळगावात ओळखीचे डोळे नको असतील तर धुळे, नाशिक, संभाजीनगर आहे. पण शस्त्रक्रियेनंतर फेरतपासणीला तीन-चारदा जावं लागतं, तो प्रवास आधीच धरून चाला.

भेटीच्या दिवशी पाळी नसावी. आदल्या दिवशी केस काढू नका, आतून धुऊ नका, पावडर लावू नका, नाहीतर खरी त्वचा डॉक्टरांना दिसतच नाही. साडी किंवा सैल सलवार सोयीची पडते. सोबत बहीण, जाऊ, मैत्रीण, जी गुपित पोटात ठेवेल अशी कुणी तरी न्या. नवरा किंवा सासू आली असेल तरी “मला दोन मिनिटं डॉक्टरांशी एकटीने बोलायचंय” असं म्हणा. चांगले डॉक्टर स्वतःच त्यांना बाहेर बसवतात.

तपासणी कशी होते ते माहीत असलं की भीती निम्मी होते. पडद्याआड टेबलावर पाठीवर झोपवतात, पाय मुडपून बाजूला करायला सांगतात, कमरेवर चादर असते. डॉक्टर हातमोजे घालून पाकळ्या, त्वचा, टाक्यांचा जुना व्रण पाहतात. गरज असेल तर आत बोट घालून स्नायूंचा जोर तपासतात, तेव्हा “आवळा, सोडा” असं सांगतात. दुखलं तर थांबायला सांगता येतं, आणि ते थांबलेच पाहिजेत. डॉक्टर पुरुष असतील तर खोलीत दुसरी स्त्री हजर असणं हा तुमचा हक्क आहे. महाराष्ट्रात २०२१ च्या नियमांनुसार खासगी रुग्णालयांना रुग्णहक्कांची सनद आणि दर दर्शनी भागात लावावे लागतात. ती पाटी बाहेर थांबल्या थांबल्या वाचा. फोटो काढायचे म्हटले तर कुणाच्या कॅमेऱ्यात, कशासाठी, कुठे ठेवणार, हे विचारा आणि त्यासाठी वेगळी सही द्या. कुणाच्या खासगी मोबाइलवर काढायचे असतील तर साफ नाही म्हणा. फोटो नाकारला म्हणून तपासणी अडत नाही.

मग प्रश्न. पहिला हाच विचारा: “काहीच केलं नाही तर माझं काय बिघडेल?” दिसण्यापुरतीच तक्रार असेल तर प्रामाणिक उत्तर ‘काही नाही’ असं येईल. दुसरा: नेमकं काय कापणार आणि किती ठेवणार? लेबियाप्लास्टीत एका पद्धतीत पाकळीची बाहेरची कड सरळ छाटतात. दुसरीत मधला त्रिकोणी तुकडा काढून दोन्ही बाजू जोडतात, त्यामुळे कडेचा नैसर्गिक आकार राहतो, पण जोड उसवण्याचा धोका असतो. कमी कापलं तर पुन्हा कापता येतं. जास्त कापलं गेलं तर परत लावता येत नाही, आणि या पाकळ्यांत संवेदना देणाऱ्या नसा दाट आहेत. रक्त साकळणं, जंतुसंसर्ग, दोन्ही बाजू असमान होणं, व्रण दुखणं, संबंधाच्या वेळी वेदना, संवेदना कमी होणं, हे धोके डॉक्टरांनी स्वतःहून सांगितले पाहिजेत. ‘काहीच होत नाही’ म्हणणाऱ्यांकडून उठून यावं. आजवर अशा किती केल्या, कितींना दुसऱ्यांदा टेबलावर घ्यावं लागलं, हेही विचारा.

लेझरचा आग्रह झाला तर ही माहिती जवळ असू द्या. अमेरिकेच्या औषध नियंत्रक संस्थेने ३० जुलै २०१८ रोजी जाहीर इशारा दिला की ‘योनीचं पुनर्यौवन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या यंत्रांची त्या कामासाठी सुरक्षितता सिद्ध झालेली नाही, आणि भाजणं, व्रण, कायमचं दुखणं यांच्या तक्रारी आहेत. २०२१ मध्ये पाळी गेलेल्या ८५ स्त्रियांवरच्या चाचणीत खरं लेझर आणि नुसतं लावल्याचं नाटक यांच्यात वर्षभरानंतरही फरक दिसला नाही. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने तर २००७ पासून सांगितलं आहे की या सौंदर्य-शस्त्रक्रिया नेहमीच्या, मान्यताप्राप्त म्हणून दाखवणं दिशाभूल करणारं आहे. २०२० मध्ये तिने पुन्हा बजावलं.

संमतीपत्राकडे नीट लक्ष द्या. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये निकाल दिला. तपासणीसाठी भूल दिलेल्या बाईचं गर्भाशय आणि बीजकोश तिच्या आईची सही घेऊन काढले गेले होते. न्यायालयाने म्हटलं की एका गोष्टीसाठी दिलेली संमती दुसरीला लागू होत नाही, आणि सज्ञान, शुद्धीवर येऊ शकणाऱ्या बाईच्या वतीने दुसऱ्या कुणाला संमती देता येत नाही. म्हणजे नवऱ्याच्या सहीने तुमची शस्त्रक्रिया ठरत नाही, आणि त्याची सही नाही म्हणून तुमची संमती अपुरी पडत नाही. कागद मराठीत मागा. ‘आणि आवश्यक ते इतर’ असं मोघम काही लिहिलं असेल तर ते खोडून घ्या. बीडमध्ये २०१९ साली ऊसतोड मजुरिणींच्या गर्भाशयांचा प्रश्न विधिमंडळात गाजला. सर्वेक्षणात ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांवर जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. दुसरं मत न घेता टेबलावर जाणं बाईला किती महाग पडू शकतं, ते तिथे दिसलं.

खर्च लेखी घ्या. सर्जन, भूल, ऑपरेशन थिएटर, औषधं, फेरतपासण्या आणि काही बिघडलं तर दुरुस्ती कोणाच्या खर्चाने, हे सगळं त्यात यावं. सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेला आरोग्य विमा मिळत नाही, आणि इतर उपचारांना असलेली जीएसटीची सूट तिला नाही. ‘आजच बुक केलं तर सवलत’ म्हणणाऱ्यांना त्या दिवशी एक रुपयाही देऊ नका.

तारीख ठरवताना खान्देशचं हवामान आणि शेती दोन्ही पाहा. सूज उतरायला आणि टाके विरघळायला काही आठवडे लागतात. चार ते सहा आठवडे संबंध नाहीत, उकिडवं बसणं नाही, सायकल नाही, खड्ड्यांतून मोटारसायकल नाही. म्हणजे निंदणी, कापूस वेचणी, शेणगोठा यातलं काहीच नाही. देशी संडास असेल तर कमोडची खुर्ची आधीच आणून ठेवावी लागेल, आणि मलावरोध होऊ द्यायचा नाही. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, घामाने जखम ओली राहते, तेव्हा नको. थंडी बरी, पण थंडीत वेचणीला मजूर मिळत नाहीत आणि घरातली बाई शेतात लागते. हे घरच्यांशी आधी बोलून ठेवलं नाही तर दहाव्या दिवशीच वाकून झाडू हातात येतो. पॅड तासाभरात भिजणं, एका बाजूला झपाट्याने वाढणारी दुखरी सूज, ताप, लघवी न होणं, यांपैकी काहीही झालं तर रात्री कोणत्या नंबरवर कोण फोन उचलेल, ते नाव वहीत लिहून घ्या. वाहन नसेल तर १०८.

पहिल्या भेटीनंतर दोन आठवडे तरी काहीच ठरवू नका. तपासणीचे कागद मागून घ्या. नोंदी मागितल्यापासून ७२ तासांत देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. मग दुसऱ्या डॉक्टरांकडे जा, शक्यतो पहिल्यांच्या ओळखीत नसलेल्या. त्यांना पहिल्यांचं मत आधी सांगू नका. आधी त्यांना तपासू द्या, बोलू द्या, मगच कागद पुढे ठेवा. दोघांची उत्तरं वहीत शेजारी शेजारी लिहा. जिथे ती जुळत नाहीत, तेवढेच प्रश्न घेऊन पुन्हा जायचं, फी दुसऱ्यांदा लागली तरी.